‘माझं काही खरं नाही’ म्हणजे काय? मनाच्या आजारात आपली बोली समजणारा माणूस का हवा



आरोग्य शिबिराचा विषय निघाला की आपली यादी ठरलेली असते: रक्तदाब, साखर, डोळे, दात. मनाच्या आजाराचं नाव त्या यादीत येत नाही. कुणी घेतलंच तर आवाज खाली करून घेतो. आज त्या विषयावर थोडं सविस्तर लिहीत आहे. मी डॉक्टर नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. पण घरात एक प्रसंग घडला आणि त्यानंतर या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो, जाणकारांना विचारत गेलो. त्यातलं आपल्या उपयोगाचं इथे मांडतो.

घरातला प्रसंग

माझी मोठी बहीण रामाकोन्याजवळच्याच एका गावात राहते. भाऊजी गेल्यानंतर ती हळूहळू मिटत गेली. शेतात जाणं बंद, भजनाला जाणं बंद, जेवण दोन घासांवर आलं. भाच्याने तिला एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, सज्जन होते, हिंदी भागातले होते. बहिणीने सांगितलं, “मले गमत नाई डॉक्टरसाहेब. माह्यं आता काई खरं नाई.”

भाच्याने हिंदी करून सांगितलं, “माँ कहती है मन नहीं लगता, और कुछ सच नहीं है.”

डॉक्टरांनी विचारलं, “क्या सच नहीं है?” बहीण गप्प झाली. तिला वाटलं, हे आपल्याला खोटं ठरवत आहेत. डॉक्टरांना वाटलं, बाई काहीतरी लपवत आहे. झोपेच्या गोळ्या आणि ताकदीची औषधं घेऊन दोघं परतले.

दोन महिन्यांनी तिला नागपूरला नेलं. तिथे आधी एका सामाजिक कार्यकर्त्या बाईंनी तिच्याशी बोलणं केलं. त्या विदर्भातल्याच होत्या. तेच वाक्य ऐकून त्यांनी भाच्याला बाहेर बसायला सांगितलं आणि हळूच विचारलं, “कायचं खरं नाई बाई? जीवाचं का?” बहीण रडायला लागली. विहिरीच्या काठापर्यंत ती दोनदा जाऊन आली होती. पोरासमोर हे बोलणं तिला शक्यच नव्हतं.

तिथून उपचार सुरू झाले. औषध आणि समुपदेशन दोन्ही. आज ती बरी आहे, पुन्हा भजनाला जाते, आणि हे लिहायला तिची परवानगी आहे.

पहिल्या डॉक्टरांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांना ते वाक्य कुणी शिकवलंच नव्हतं. आणि शिकवता येण्यासारखी ती गोष्ट आहे, हेच या लेखात सांगायचं आहे.

बोलणं हीच तपासणी

हात मोडला तर एक्स-रे निघतो. तो मराठी माणसाचा आणि हिंदी माणसाचा सारखाच दिसतो. साखर रक्तात मोजता येते. पण उदासीचा आजार, चिंतेचा आजार किंवा संशयाचा आजार कोणत्याही रक्ततपासणीत पकडता येत नाही. थायरॉइडसारखं दुसरं काही कारण नाही ना, एवढंच तपासण्यांतून कळतं. बाकी सगळं रोग्याने काय सांगितलं, कसं सांगितलं आणि काय सांगितलं नाही, यावर ठरतं. म्हणजे या शाखेत बोलणं हीच तपासणी असते. भाषा चुकली की तपासणी चुकते.

आपल्या भागात ही अडचण का आहे ते आपल्याला माहीतच आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर राजधानी असलेलं जुनं मध्य प्रदेश राज्य विभागलं गेलं, विदर्भाचे जिल्हे तिकडे गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर सौंसर-पांढुर्णा इकडे राहिले. 2023 मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. कचेरी, शाळा, दवाखाना हिंदीत; घर, शेत, भजन आणि भांडण मराठीत. आपण सगळे हिंदी बोलतो, उत्तम बोलतो. पण दुःख झालं की माणूस आईच्या भाषेत जातो, त्यातही म्हाताऱ्या बाया आणि शेतकरी मंडळी.

राज्याची जुनी मनोरुग्णालयं ग्वाल्हेर आणि इंदूरला. दोन्ही आपल्याला दूर. म्हणून आपली माणसं नागपूरला जातात, तेही आजार फार वाढल्यावर. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत मानसिक आरोग्याचं राष्ट्रीय सर्वेक्षण केलं. त्यात मध्य प्रदेशही होता. वेगवेगळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के रोग्यांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, असं त्यातून दिसलं. कारणं अनेक आहेत: डॉक्टर कमी, अंतर जास्त, लाज मोठी. पण दारापर्यंत पोचलेला माणूस भाषेमुळे परत जावा, हे टाळता येण्यासारखं आहे.

हा विचार आला कुठून

अमेरिकेत मेक्सिको, पोर्तो रिको आणि दक्षिण अमेरिकेकडून आलेले कोट्यवधी स्पॅनिश बोलणारे लोक आहेत. तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की हे लोक मनाच्या दुखण्याला आपल्याच नावांनी ओळखतात. कुणी म्हणतं ‘नेर्विओस’, म्हणजे नसांचा त्रास. कुणी म्हणतं ‘सुस्तो’, म्हणजे अचानक दचकल्यामुळे जीव अंगातून निसटला. पुस्तकातल्या आजारांच्या यादीत हे शब्द बसत नाहीत. मुलाला दुभाषी करून बसवलं की आई खरं बोलत नाही, हेही त्यांना दिसलं. आपल्याला हे ऐकून आपल्याच गावची गोष्ट वाटेल.

यातून तिथे डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशकांना रोग्याच्या संस्कृतीची जाण देण्याचं प्रशिक्षण सुरू झालं. आर्थर क्लाइनमन या मनोविकारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये सुचवलं की आजाराबद्दल रोग्याची स्वतःची समजूत काय आहे, हे डॉक्टरने आधी विचारावं. पुढे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 च्या आपल्या निदान-ग्रंथात अशा 16 प्रश्नांची मुलाखतच घातली.

या विचाराचा एक धागा आपल्याकडूनही गेला आहे. रोग्याची समजूत पद्धतशीर नोंदवण्याची एक मुलाखत-पद्धत मिचेल वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या कुष्ठरोग्यांबरोबर काम करून बसवली, आणि ती 1992 मध्ये प्रसिद्ध झाली.

आपले शब्द आणि त्यांचे अर्थ

आता आपल्याकडची काही वाक्यं घेऊ. घरोघरी बोलली जाणारीच आहेत. बाहेरून आलेल्या डॉक्टरने ती कशी ऐकली तर चूक होईल आणि काय विचारलं तर बरोबर होईल, ते पाहू.

*“मले गमत नाई.”* हिंदीत याचं ‘मन नहीं लगता’ होतं, आणि ते पुष्कळ जवळचं आहे. नवीन सुनेला सासरी गमत नाही, तो आजार नव्हे. पण आयुष्यभर ज्या गोष्टीत जीव रमला तिथेही गमेनासं झालं, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर ती उदासीच्या आजाराची मुख्य खूण असू शकते. विचारायचं ते असं: “आधी कायच्यात गमायचं? आता तिथंही गमत नाई का?”

*“माह्यं काई खरं नाई.”* याचा सत्य-असत्याशी संबंध नाही. आपला निभाव लागणार नाही, आपण वाचणार नाही, असा त्याचा अर्थ. कधी ते थट्टेतही म्हणतात. म्हणून गृहीत न धरता पुढचा प्रश्न विचारावाच लागतो.

*“जीवाला कंटाळलो.”* नुसतं ‘कंटाळा आला’ म्हणजे हिंदीतलं ‘ऊब गया’. पण त्यात ‘जीवाला’ हा शब्द आला की अर्थ पार बदलतो. माणूस जगण्यालाच कंटाळला आहे. ‘देवानं उचलून न्यावं’, ‘सुटलो तर बरं’ ही वाक्यंही याच जातीची. इथे स्पष्ट विचारावं लागतं: “मरून जावं असं मनात येते का? काही करून घ्यावं असं वाटते का?” असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून त्याला हलकं वाटतं, असं या क्षेत्रातले लोक सांगतात.

*“पोटात गोळा येते”, “काळजात धडधड होते”, “हातपाय गळून गेले.”* ही भीतीची आणि काळजीची भाषा आहे. शब्दशः घेतलं तर सोनोग्राफी, ईसीजी आणि शक्तीचं इंजेक्शन होतं. उलट बाजूही आहे. खरंच हृदयाचा त्रास असू शकतो, म्हणून शरीराची तपासणी टाळायची नाही. तपासणी निर्दोष निघाली की ‘तुम्हाला काही झालं नाही’ म्हणून परत पाठवायचं नाही, एवढंच.

*“अंगात येते.”* नवरात्रात बाईच्या अंगात देवी येते, तासाभराने उतरते, बाकी वर्षभर तिचं घर-शेत नीट चालतं. हा आजार समजून औषध सुरू करणं चूक. पण कधीही, कुठेही येतं, झोप उडाली, कामं सुटली, आवाज ऐकू येतात, तर थांबणंही चूक. फरक कसा करायचा हे शिकवावं लागतं.

*“बाहेरचं हाय.”* हिंदी माणूस ‘ऊपर का चक्कर’ म्हणतो, आपण ‘बाहेरचं’ म्हणतो. करणी, नजर, बाधा हे सगळं त्यात येतं. ऐकताच हसणारा डॉक्टर तो रोगी पुन्हा पाहत नाही.

उदासीचा आजार ओळखण्यासाठी जगभर 9 प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत काय काय झालं, असं त्यात विचारतात. तिचा मराठी अनुवादही आहे. पण प्रमाण मराठीतलं ‘स्वारस्य वाटत नाही’ आमच्या बहिणीला परकंच वाटलं असतं. तिथे ‘गमत नाई’ हवं. अनुवाद पुण्याच्या मराठीत करून भागत नाही, तो सौंसरच्या मराठीत व्हावा लागतो.

माझी स्वतःची चूक

इथपर्यंत वाचून वाटेल, की मराठी डॉक्टर आणला की प्रश्न सुटला. तसं नाही. त्यासाठी मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल.

नोकरीत असताना वसुलीच्या दिवसांत शेतकरी माझ्या टेबलासमोर बसायचे. कापूस पडला, संत्र्याची गळ झाली, पोरीचं लग्न झालं, अशी कारणं सांगायचे. “साहेब, यंदा काई खरं नाई” हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं. मी मराठी, ते मराठी. मला ती मुदतवाढीची भाषा वाटायची. त्यांतल्या एकाने पुढे जीव दिला. त्याचं शेवटचं वाक्य मी कसं ऐकलं होतं, हे मला आजही आठवतं. कर्जाचा कागद मी नीट तपासला होता. माणसाला मात्र एकही प्रश्न विचारला नव्हता.

म्हणून भाषा येणं पुरेसं नाही. काय ऐकायचं आणि ऐकल्यावर पुढे काय विचारायचं, हे शिकावं लागतं. बँकवाल्यांनी, शिक्षकांनी, पटवाऱ्यांनी, सरपंचांनीसुद्धा.

प्रशिक्षण कसं असतं? आसपासची उदाहरणं

हे कल्पनेतलं नाही. आपल्या आजूबाजूला झालेलं आहे.

गोव्यात 1996 मध्ये संगथ ही संस्था सुरू झाली. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी. त्यांनी पदवीधर मानसशास्त्रज्ञांची वाट न पाहता गावातल्याच साध्या शिकलेल्या लोकांना समुपदेशक म्हणून तयार केलं. रोग्यांशी बोलताना ‘डिप्रेशन’ हे नाव चिकटवण्याऐवजी लोकांच्याच तोंडचा ‘टेन्शन’ हा शब्द घेतला. उपचार सोपा होता: उदास माणसाने ज्या गोष्टी सोडून दिल्या, त्या थोड्या थोड्या पुन्हा सुरू करायच्या, आणि अडचणी एकेक करून सोडवायच्या. साधारण 6 ते 8 भेटी. प्राथमिक आरोग्य केंद्रांत याची शास्त्रीय चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तीन महिन्यांनी अशा भेटी मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक उदासीतून बाहेर आले होते, नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी 39 टक्के.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं. वरूड इथून किती जवळ, ते सांगायला नको. तिथली बोली ती आपली बोली, तिथलं पीक ते आपलं पीक. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर त्या जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गावातले आरोग्य कार्यकर्ते, त्यांच्यावर प्रशिक्षित समुपदेशक आणि गंभीर रोग्यांसाठी मनोविकारतज्ज्ञ, अशी तीन पायऱ्यांची रचना होती. कार्यक्रमापूर्वी उदासीच्या आजाराच्या 100 लोकांपैकी जेमतेम 4 जण कुणाकडे मदत मागायला जात. दीड वर्षाच्या कामानंतर ते 27 वर गेले. हे आकडे 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. आमच्यासारख्या आकड्यांच्या माणसाला हा फरक फार मोठा वाटतो.

तिसरं उदाहरण आपल्याच राज्यातलं. सीहोर जिल्ह्यात संगथने आशा कार्यकर्त्यांना हीच पद्धत मोबाइलवरच्या धड्यांतून शिकवली. ते धडे हिंदीत आहेत, आणि सीहोरसाठी तेच योग्य. आपल्या दोन तहसिलींसाठी पद्धत नवी शोधायची गरज नाही. ती आपल्या बोलीत आणायची आहे.

नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ नावाच्या कामात गावातलेच स्वयंसेवक तयार केले गेले. फोनवर छोट्या फिल्म दाखवून गावकऱ्यांशी या विषयावर बोलणं सुरू करण्याची त्यांची पद्धत होती.

या सगळ्यांतून चांगल्या प्रशिक्षणाचे चार भाग दिसतात.

1. *बोली.* वर दिली तशी वाक्यं, त्यांचे अर्थ, आणि त्यावर विचारायचे प्रश्न. नुसती यादी पाठ करून नव्हे, एकाने रोगी आणि दुसऱ्याने समुपदेशक होऊन सराव करून.

2. *समजूत.* रोग्याला विचारायचे साधे प्रश्न: तुम्ही या त्रासाला काय म्हणता? कशामुळे झाला असं वाटतं? तेव्हाच का सुरू झाला? आतापर्यंत कुणाकुणाकडे गेलात? सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? उत्तर ‘करणी’ आलं तरी वहीत तसंच लिहायचं. वाद घालायचा नाही आणि खोटं मान्यही करायचं नाही.

3. *घर.* आपल्याकडे रोगी एकटा येत नाही, सोबत तीन जण येतात. ते मदतही करतात आणि तोंडही बंद करतात. म्हणून थोडा वेळ सगळ्यांसोबत, थोडा वेळ एकट्याशी. सासूसमोर सुनेला आणि मुलासमोर आईला दुभाषी लावून बोलतं करता येत नाही.

4. *स्वतःकडे पाहणं.* 1998 मध्ये अमेरिकेतल्या दोन डॉक्टर महिलांनी, मेलानी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया यांनी, एक महत्त्वाची गोष्ट मांडली. दुसऱ्याची संस्कृती ‘शिकून झाली’ असं कधी होत नाही. शिकणाऱ्याने नम्र राहावं. नाहीतर ‘मराठी माणूस असाच असतो’ असा नवा साचा तयार होतो. कुणबी, पवार, तेली, बौद्ध, मुसलमान, गोंड अशा घरांत दुःख सांगण्याची रीत वेगळी असेल. सौंसरच्या वकिलाची आणि खेड्यातल्या मजुराचीही वेगळी असेल. विचारल्याशिवाय कळत नाही.

आणि हे एका दिवसाच्या भाषणाने होत नाही. गोव्यात समुपदेशक आपापली संभाषणं ध्वनिमुद्रित करून एकत्र बसून ऐकत आणि एकमेकांच्या चुका दाखवत. बँकेत नवा अधिकारी जुन्याच्या हाताखाली काम करूनच तयार होतो, तसंच हे.

जाम सावळीबद्दल

आपल्या भागात या विषयावर लिहायचं आणि जाम सावळीच्या हनुमानाबद्दल लिहायचं नाही, हे बरोबर होणार नाही. निजलेल्या मुद्रेतल्या त्या मूर्तीच्या दर्शनाला मन बिघडलेल्या माणसांना दुरून दुरून आणतात. विदर्भातली माणसं तशीच बुलढाण्याच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर जातात. मीही बहिणीला जाम सावळीला नेलं होतं. तिथे तिला शांत वाटलं, हेही खरं.

श्रद्धेशी भांडण उकरून काढणारा डॉक्टर आपल्याकडे टिकणार नाही. पण श्रद्धेच्या नावाखाली माणूस बांधून ठेवणं ही वेगळी गोष्ट. तामिळनाडूतल्या एरवाडी इथे 6 ऑगस्ट 2001 रोजी दर्ग्याजवळच्या एका खाजगी निवाऱ्याला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या 28 मनोरुग्णांचा त्यात मृत्यू झाला. त्यांना पळताच आलं नाही.

याच्या उलट उदाहरण गुजरातमधलं. मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथे मीरा दातार दर्गा आहे. तिथे ‘दवा आणि दुवा’ असा उपक्रम सुरू झाला. दर्ग्याच्या मुजावरांना आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं, आणि त्याच आवारात मनोविकारतज्ज्ञ बसू लागले. लोक दुवा मागतात आणि औषधही घेतात. अशी व्यवस्था आपल्याकडच्या देवस्थानांजवळ व्हावी, असं मला मनापासून वाटतं. अंगारा लावावा, नवस करावा, पण गोळी चुकवू नये.

कायदा काय म्हणतो

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये झाला आणि 29 मे 2018 पासून लागू आहे. त्यातल्या आपल्या कामाच्या गोष्टी:

कलम 18 प्रमाणे शासकीय मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा हक्क आहे. धर्म, संस्कृती, जात, वर्ग अशा कोणत्याही कारणाने भेदभाव करता येत नाही, आणि सेवा रोग्याला व कुटुंबाला मानवेल अशा पद्धतीने द्यायची आहे. कलम 4 प्रमाणे उपचाराचा निर्णय घेण्यासाठीची माहिती रोग्याला समजेल अशा सोप्या भाषेत द्यायची आहे. म्हणजे आपण मागतो आहोत ती मेहेरबानी नव्हे. कलम 95 प्रमाणे मनोरुग्णाला साखळीने बांधायला मनाई आहे. कलम 115 प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं कायदा धरून चालतो, म्हणून पोलिसांच्या भीतीने असा प्रसंग लपवून उपचार टाळू नयेत. आणि कलम 21 प्रमाणे आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. आपली पॉलिसी काढून एकदा वाचा.

आपण काय करू शकतो

डॉक्टर नेमणं शासनाच्या हाती आहे. पण डॉक्टरला आपली बोली शिकवणं आपल्या हाती आहे. माझ्या सूचना अशा:

*एक, शब्दसंग्रह.* प्रत्येक सभासदाने घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून दुःख, भीती, राग, झोप, नैराश्य यांसाठी वापरले जाणारे दहा शब्द किंवा वाक्यं मंडळाकडे लिहून पाठवावीत, हिंदी अर्थासह. पवारी बोलणाऱ्यांनी पवारीतली पाठवावीत. त्यांची एक छोटी पुस्तिका करून जिल्ह्यातल्या दवाखान्यांना, आशा ताईंना आणि नव्याने येणाऱ्या डॉक्टरांना देऊ.

*दोन, सोबत.* रोग्याच्या घरचे नसलेले, पण तोंड सांभाळणारे पाच-सहा स्त्री-पुरुष दुभाषी म्हणून तयार करू. जे ऐकलं ते बाहेर बोलायचं नाही, आणि रोग्याचं वाक्य ‘सुधारून’ सांगायचं नाही, हे दोन नियम. ‘काई खरं नाई’ ऐकलं तर आधी शब्द सांगायचे, मग अर्थ.

*तीन, शिबिर.* पुढच्या आरोग्य शिबिराच्या यादीत मनाच्या तपासणीचं नाव लिहू. टेबल थोडं बाजूला ठेवू, म्हणजे बसणाऱ्याला लाज वाटणार नाही.

*चार, दूरध्वनी.* केंद्र शासनाची टेली-मानस सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416. दिवसरात्र, मोफत. भाषा निवडताना मराठी मागता येते. हा क्रमांक घराच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. जीवाला धोका वाटत असेल तर मात्र फोनवर थांबू नका. माणसाला एकटं सोडू नका, कीटकनाशकाचा डबा आणि दोर दृष्टीआड करा, आणि जवळच्या दवाखान्यात न्या.

*पाच, शेजारधर्म.* आपल्या तहसिलींत गोंडी बोलणारी घरं आहेत. मराठीसाठी जे आपण मागतो, ते गोंडीसाठीही मागितलं पाहिजे. आपण दवाखान्यात जसे अडखळतो, त्याहून ते जास्त अडखळतात, आणि त्यांच्यासाठी नागपूरचा मार्गही नाही.

बहिणीला परवा विचारलं, “आता कसं हाय?” ती म्हणाली, “आता गमते.” हिंदीत याचं नेमकं भाषांतर मला जमलं नाही. पण पुस्तिकेच्या पहिल्या पानावर हाच शब्द असावा, असं मी सुचवतो. तुमचे शब्द पाठवा.

आपला एक सभासद